‘लिनक्सवरही येणार’ म्हणून पैसे घेतले, आता म्हणतात प्रोटॉनवर खेळा : याला वचन पाळणं म्हणायचं का?

पेंग्विनचा_पाठीराखा

मंडळी, सहा वर्षांपूर्वी मी एका गेमच्या क्राउडफंडिंगला (गेम बनायच्या आधीच लोकांकडून पैसे जमवायच्या मोहिमेला) पैसे दिले होते. गेमचं नाव घेत नाही, कारण हा धागा त्या एका स्टुडिओला झोडपायला काढलेला नाही. मोहिमेच्या पानावर तीन लोगो शेजारी शेजारी होते: विंडोज, मॅक आणि आपला पेंग्विन, म्हणजे लिनक्स. मी तिसऱ्याकडे बघून पैसे दिले. गेमला दोन वर्षं उशीर झाला, त्याबद्दल तक्रार नाही. या धंद्यात दोन वर्षं म्हणजे वेळेवरच. मग गेम आला, विंडोजवर. लिनक्सचं विचारलं की ‘काम सुरू आहे’ हे ठरलेलं उत्तर.

गेल्या आठवड्यात अपडेट क्रमांक ७४ आला. चौदा परिच्छेद. तेरा परिच्छेदांत नवे नकाशे, संगीत आणि टीशर्ट कधी पाठवणार ते. चौदाव्यात अशी बातमी की लिनक्स बिल्ड (लिनक्सची वेगळी आवृत्ती) करणार नाही, गेम प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) छान चालतो, तेव्हा तुमची काही गैरसोय होणार नाही.

तर वचन पाळलं की मोडलं? माझ्या मते मोडलं. पण एक मित्र म्हणाला, ‘तुला गेम खेळायचा होता ना? मग खेळ की.’ त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे आलो.

हुप्प्या

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

उंटावरचा_शहाणा

गाजराची पुंगी. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. क्राउडफंडिंगला पैसे देताना हे माहीत नव्हतं?

खटपट्या

@उंटावरचा_शहाणा, पुंगी वाजली नसती तर वाईट वाटलं नसतं. ही वाजली, पण शेजारच्यांकडे.

आजोबा_३८६

धागाकर्त्यांनी विषय चांगला काढला. माझा या प्रकारातला अनुभव मोठा आणि बराचसा कडू आहे, पण नवीन मंडळींसाठी थोडं जुनं सांगतो, म्हणजे ही पेंग्विनची चित्रं मोहिमांच्या पानांवर आली कुठून ते कळेल.

२०१२ हे वर्ष लक्षात ठेवा. फेब्रुवारीत डबल फाइन या स्टुडिओने किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या साइटवर चार लाख डॉलर मागितले आणि तेहतीस लाखांच्या आसपास जमले. तोच पुढे ‘ब्रोकन एज’ झाला. मग रांगच लागली: वेस्टलँड २, प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन, प्रोजेक्ट इटर्निटी (म्हणजे नंतरचा पिलर्स ऑफ इटर्निटी). त्याच नोव्हेंबरात युनिटी या गेम इंजिनचं ४.० आलं आणि त्यात लिनक्ससाठी एक्सपोर्ट करायची सोय मिळाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये वाल्व्ह कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान, स्टीम, लिनक्सवर आलं. त्याआधी, २०१० च्या पहिल्या हंबल बंडलमध्ये (अनेक गेमचा एकत्र संच), ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हटल्यावर लिनक्सवाल्यांनी सरासरीत विंडोजवाल्यांपेक्षा बरेच जास्त पैसे मोजले होते. मोहिमा काढणाऱ्यांनी हे सगळं पाहिलं. लिनक्सवाले संख्येने थोडे, पण खिसा सैल आणि तोंड मोठं. पानावर पेंग्विन लावला की चार ठिकाणी फुकट बोभाटा होतो.

आणि सांगायला हवं की तेव्हाच्या पुष्कळ लोकांनी शब्द पाळला. वेस्टलँड २ सप्टेंबर २०१४ मध्ये तिन्हीकडे आला. पिलर्स मार्च २०१५ मध्ये, तोही पहिल्या दिवशी तिन्हीकडे. टॉर्मेंट : टाइड्स ऑफ न्यूमेनेरा २०१७ मध्ये तसाच. तेव्हा ‘सगळे चोर’ हा सूर मला मान्य नाही.

निळीशाई

आजोबा, यादी पूर्ण करा की. उजळ बाजू सांगितलीत, आता दुसरी मी सांगते.

कार्मागेडन : रीइन्कार्नेशन, २०१२. किकस्टार्टरवर सव्वासहा लाख डॉलर जमले. मॅक आणि लिनक्स स्ट्रेच गोलमध्ये (जास्त पैसे जमले तर द्यायच्या गोष्टींत) होते, आकडा गाठला गेला, लिनक्स आवृत्ती कधीच आली नाही.

ब्लडस्टेन्ड : रिचुअल ऑफ द नाइट, २०१५. पंचावन्न लाख डॉलर. गेम जून २०१९ मध्ये आला आणि उत्तम आला, पण त्याआधीच मॅक आणि लिनक्स आवृत्त्या रद्द केल्या होत्या. कारण दिलं मिडलवेअर (बाहेरून घेतलेलं तयार सॉफ्टवेअर) आणि ऑनलाइन सुविधांचं. बॅकर्सना (पैसे देणाऱ्यांना) दुसरा प्लॅटफॉर्म निवडायची मुभा दिली.

फिनिक्स पॉइंट, २०१७, फिग या दुसऱ्या क्राउडफंडिंग साइटवर. लिनक्सचा शब्द होता. डिसेंबर २०१९ मध्ये गेम आला तो लिनक्सशिवाय आणि सुरुवातीला स्टीमवर नाही, तर एपिकच्या दुकानात.

मुद्दा असा की पैसे कमी पडले म्हणून लिनक्स गेलं असं यात कुठेच नाही. आकडे गाठले गेले होते.

बग_नव्हे_फीचर

मायटी नंबर ९ विसरलात. २०१३ ची मोहीम, अडतीस लाख डॉलर. जून २०१६ मध्ये बाकीच्यांकडे, लिनक्सवर ऑगस्टमध्ये. वरातीमागून घोडं, पण आलं तरी. व्हिटा आणि थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलवाल्यांचं घोडं तबेल्यातून निघालंच नाही. तेव्हा फसवणूक फक्त आपल्याच नशिबी आहे असं समजू नका.

हुप्प्या

घोडं आलं पण तो गेम पाहून परत गेलं असेल.

रिकामटेकडी

मला एक कळत नाही. एक दोन टक्के लोकांसाठी वेगळी आवृत्ती करायची कशाला? व्यवहार बघा जरा.

पेंग्विनचा_पाठीराखा

@रिकामटेकडी, व्यवहार तर मीही बघतोय. टक्का कमी आहे हे त्यांना पैसे मागण्याआधी माहीत होतं. माहीत असून लोगो लावला. दोन टक्क्यांकडून पैसे घेताना टक्का आड आला नाही, देताना बरा आठवला.

खटपट्या

+१. हे पटलं.

कोडगा

मी गेम बनवणाऱ्यांच्या बाजूचा, त्यामुळे दगड झेलायची तयारी ठेवून लिहितो. (आयडी ‘कोड’वरून आहे. निगरगट्ट या अर्थाने नाही. पण असो, दोन्ही चालतं.)

लहान स्टुडिओत मोहिमेचं पान लिहिलं जातं तेव्हा गेम अस्तित्वातच नसतो. एक दीड मिनिटांचा व्हिडिओ, चार चित्रं आणि प्रोटोटाइप असतो. कुणीतरी विचारतं, ‘इंजिन लिनक्सला एक्सपोर्ट करतं ना?’ करतं. ‘मग लाव लोगो.’ हा संवाद मी स्वतः ऐकलाय आणि मीही मान डोलावली आहे.

दोन वर्षांनी तीच एक टिचकी मारली जाते. बिल्ड होतं. उघडतं. आणि अर्धी भिंत गुलाबी दिसते, कारण आर्टिस्टने फाइलचं नाव कॅपिटल अक्षराने ठेवलंय आणि कोडमध्ये ते स्मॉल आहे. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. हे एका दिवसात सुटतं. पुढे आवाजाची लायब्ररी, व्हिडिओचा कोडेक (व्हिडिओ फाइल उलगडणारा भाग), ऑनलाइन सामने जुळवणारी सेवा, यातली एखादी बाहेरून विकत घेतलेली असते आणि तिची लिनक्स आवृत्ती नसते. किंवा असते, पण परवाना वेगळा घ्यावा लागतो. निळीशाईंनी मिडलवेअर लिहिलंय ते हेच. हे सुटत नाही. ती वस्तू उपटून दुसरी बसवायची म्हणजे गेमचा पाया खणणं.

त्यातून पार पडलं की चाचणी. कुठली डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार), कुठलं ग्राफिक्स कार्ड, कुठला ड्रायव्हर. आणि रिलीजनंतर प्रत्येक पॅच तीन वेळा तपासायचा, कायम. पैसे एकदाच मिळाले आहेत, काम मात्र कायमचं.

म्हणून मी म्हणतो, चूक शेवटच्या अपडेटमध्ये नसते, ती पहिल्या दिवशी लोगो लावताना होते. आमच्या स्टुडिओने त्यानंतर ‘विंडोज, लिनक्सचा विचार सुरू’ असं लिहायला सुरुवात केली. पैसे कमी जमले, झोप बरी लागली.

उंटावरचा_शहाणा

कोडगाराव, प्रामाणिक प्रतिसाद. पण ‘मान डोलावली’ला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.

कोडगा

माहीत आहे. म्हणून तर आयडी बदलला नाही.

शेवटची_लेव्हल

लिनक्सवाले तक्रारी फार करतात, सपोर्टचा खर्च परवडत नाही, असंही ऐकलंय. खरं आहे का?

निळीशाई

@शेवटची_लेव्हल, अर्धं खरं. डेल्टा व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न नावाचा अंतराळातल्या खाणकामाचा गेम आहे. त्याच्या डेव्हलपरने २०२१ मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले. साधारण १२,००० प्रती विकल्या गेल्या, त्यातल्या ७०० लिनक्सवाल्यांनी घेतल्या. बग रिपोर्ट आले हजाराच्या वर, त्यातले ४०० च्या आसपास लिनक्सवाल्यांचे. म्हणजे सहा टक्क्यांहून कमी गिऱ्हाईक आणि तक्रारी अडतीस टक्के. इथवर वाचून बरेच जण आकडा घेऊन पळतात.

पुढे तो डेव्हलपर सांगतो की त्या ४०० पैकी फक्त ३ बग लिनक्सचे होते. बाकीचे सगळ्यांनाच छळत होते, विंडोजवाले फक्त कळवत नव्हते. शिवाय लिनक्सवाल्यांचे रिपोर्ट लॉगसकट, कसं घडलं ते पायरीपायरीने लिहिलेले. त्याने याला फुकट मिळालेली चाचणी म्हटलं, ओझं नाही.

कोडगा

हे आकडे मला माहीत होते आणि मुद्दाम लिहिले नव्हते. 😄 मान्य.

रिकामटेकडी

अवांतर: लिनक्स की लायनक्स? दरवेळी अडखळते.

हुप्प्या

लिनक्स. लिनक्स बनवणाऱ्या टॉरवाल्ड्सने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलंय.

बग_नव्हे_फीचर

ग्नू/लिनक्स म्हणा, नाहीतर एक प्रतिसाद येईल बघा आठशे शब्दांचा.

संपादक

कृपया उच्चारावर वेगळा धागा काढा. मागच्या वेळी तो दोनशे प्रतिसादांवर गेला होता आणि तिघांचे आयडी गोठवावे लागले होते.

आजोबा_३८६

(त्या तिघांतला एक मी.)

मूळ प्रश्नाकडे येतो. धागाकर्ते, तुमच्या मित्राच्या प्रश्नाला २०१८ च्या आधी आणि नंतर वेगवेगळं उत्तर आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये वाल्व्हने प्रोटॉन आणलं. तोवर लिनक्स आवृत्ती रद्द होणं म्हणजे गेम हातातून जाणं. वाइनशी (प्रोटॉनच्या पायाशी असलेलं जुनं सॉफ्टवेअर) झटापट करत बसायचं, जमलं तर नशीब. डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन विंडोजवर जून २०१४ ला आला, लिनक्सवर डिसेंबर २०१५ ला. मधले दीड वर्ष लोकांनी काय केलं? वाट पाहिली. आज तसं कुणी थांबत नाही. डीएक्सव्हीके विंडोजच्या डायरेक्टएक्स ग्राफिक्सचं लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये भाषांतर करतं, फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक (वाल्व्हचा लिनक्सवर चालणारा हातातला कन्सोल) आल्यापासून स्टुडिओही आपला गेम त्यावर चालतो का ते आवर्जून तपासतात. खरं सांगायचं तर माझ्याकडचे काही जुने ‘नेटिव्ह’ (थेट लिनक्ससाठी बनवलेले) गेम आज उघडत नाहीत, लायब्रऱ्या बदलल्या. त्यांचीच विंडोज आवृत्ती प्रोटॉनवर झकास चालते.

तेव्हा शब्द मोडला हे खरं, नुकसान मात्र पूर्वीपेक्षा कमी झालं. या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात.

खटपट्या

आजोबा, इथे मी असहमत. दुधाची तहान ताकावर भागवायला हरकत नाही, पण ताक त्यांनी दिलेलं नाहीये. प्रोटॉन बनवलं वाल्व्हने, वाइनवर वर्षानुवर्षं राबणाऱ्यांनी, डीएक्सव्हीकेवाल्यांनी. स्टुडिओने काय केलं? काहीच नाही. दुसऱ्याने केलेल्या कामाकडे बोट दाखवून ‘बघा, आमचं वचन पूर्ण झालं’ म्हणतात. मी तुम्हाला स्टेशनवर सोडायचं कबूल करावं आणि तुम्ही चालत पोचलात की म्हणावं, पोचलात ना?

शिवाय ‘चालतो’ म्हणजे आज चालतो. उद्याच्या पॅचने मोडला तर दुरुस्त कोण करणार? स्टुडिओ म्हणेल, आम्ही लिनक्सला सपोर्ट करत नाही.

शेवटची_लेव्हल

आणि ऑनलाइन गेम असेल तर अँटी चीट (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर). ईझी अँटी चीट आणि बॅटलआय दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण स्टुडिओने परवानगी दिली तरच. न देणारे पुष्कळ आहेत. म्हणजे किल्ली पुन्हा त्यांच्याच हातात.

बग_नव्हे_फीचर

सपोर्ट असून काढून घेतल्याचंही उदाहरण आहे. रॉकेट लीग, क्राउडफंडेड नाही, पण तरी. लिनक्स आवृत्ती होती, लोक खेळत होते. २०१९ मध्ये स्टुडिओ एपिकने घेतला, मार्च २०२० मध्ये मॅक आणि लिनक्स बंद. दोन्ही मिळून ०.३ टक्क्यांहून कमी खेळाडू, असं कारण दिलं. पैसे परत दिले, हे नमूद करतो.

उंटावरचा_शहाणा

मोठ्या कंपनीने गिळलं की संपलं, दुसरं काय.

आजोबा_३८६

@उंटावरचा_शहाणा, नेहमीच नाही. सायकोनॉट्स २ बघा. फिगवर पैसे जमवले २०१६ च्या सुरुवातीला. डबल फाइनला मायक्रोसॉफ्टने घेतलं २०१९ मध्ये. आम्ही इथेच एका धाग्यावर श्रद्धांजली वाहिली होती. गेम ऑगस्ट २०२१ मध्ये आला, लिनक्सचं नाव नाही. आणि मे २०२२ मध्ये लिनक्स आवृत्ती आली, नेटिव्ह. मायक्रोसॉफ्टच्या पैशाने! तोवर प्रोटॉन होतं, स्टीम डेक होता, ‘प्रोटॉनवर खेळा’ म्हणून सहज अंग काढून घेता आलं असतं. वेस्टलँड ३ चंही तसंच, ऑगस्ट २०२० ला विंडोजवर, डिसेंबरात लिनक्सवर, आणि तो स्टुडिओही तोवर मायक्रोसॉफ्टचाच झाला होता.

खटपट्या

मग माझाच मुद्दा सिद्ध झाला की! करायचं असेल तर होतं.

कोडगा

पैसा असेल तर होतं. पण ठीक आहे, ही यादी वाचून मलाही जरा लाज वाटली.

एक भर घालतो. ज्यांच्या टीममध्ये कुणीतरी रोज लिनक्स वापरतं त्यांचं लिनक्स आवृत्तीचं गणित सहसा चुकत नाही. फॅक्टोरिओ घ्या. २०१३ मध्ये इंडिगोगोवर थोडेसे पैसे जमवले होते. त्याची लिनक्स आवृत्ती इतकी मनापासून केलेली आहे की त्यात खेळ न थांबता सेव्ह होण्याची सोय आहे. लिनक्समध्ये चालू प्रक्रियेची प्रत काढता येते, ती प्रत मागे बसून फाइल लिहिते, तुम्ही पुढे खेळत राहता. विंडोजवाले आजही प्रत्येक ऑटोसेव्हला थांबतात.

हुप्प्या

एवढंच ऐकायला सकाळपासून बसलो होतो. धन्यवाद.

रिकामटेकडी

पण किकस्टार्टर काही करत नाही का? पैसे तर त्यांच्यामार्फत गेले.

निळीशाई

@रिकामटेकडी, नाही. करार पैसे देणारा आणि घेणारा यांच्यातला, आम्ही मध्ये नाही, असंच त्यांच्या अटींत आहे. ‘किकस्टार्टर हे दुकान नव्हे’ असं त्यांनी २०१२ मध्येच जाहीर केलं होतं. मोहीम यशस्वी झाली की ते आपले पाच टक्के घेतात आणि बाजूला होतात. परतावा मागायचा तो स्टुडिओकडे.

रिकामटेकडी

म्हणजे दुकान नाही, पण गल्ला आहे.

उंटावरचा_शहाणा

रिकामटेकडी ताई, आजचा प्रतिसाद तुमचा.

पेंग्विनचा_पाठीराखा

सगळ्यांचे आभार. खटपट्यांचं स्टेशन मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, ‘बरं, पण तू अजून खेळून तरी पाहिलास का?’ नव्हता पाहिला. रागात उघडलाच नव्हता.

काल रात्री उघडला. आता गंमत ऐका. माझ्या रिवॉर्डमध्ये स्टीमची की (गेम मिळवायचा कोड) नाहीच. मी मुद्दाम डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नसलेली प्रत निवडली होती, झिप फाइल. स्टुडिओ म्हणतो ‘प्रोटॉनवर चालतो’, पण प्रोटॉन स्टीममध्ये आयतं मिळतं, मला बाहेरून जोडायला लागलं. लुट्रिस हे गेम चालवून देणारं सॉफ्टवेअर टाकलं, पाऊण तास गेला. चालू झाला. पळतोही छान, खरंच छान, तक्रारीला जागा नाही. फक्त कथेचे व्हिडिओ येतात तिथे टीव्हीवर पूर्वी कार्यक्रम नसताना दिसायच्या तशा उभ्या रंगीत पट्ट्या दिसतात. नायकाचं गाव जळतं म्हणे सुरुवातीला. मी पट्ट्या पाहिल्या.

स्टुडिओला लिहिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, अगदी नम्र. स्टीमची की देतो किंवा पैसे परत घ्या. अजून कळवलं नाहीये.

कोडगा

पट्ट्या म्हणजे व्हिडिओचा कोडेक. मी वर लिहिलं तेच भूत. स्टीमवर घेतला असता तर वाल्व्ह तो व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून देतं, म्हणून स्टुडिओला ‘उत्तम चालतो’ असं दिसलं असणार. त्यांनी झिप फाइल तपासलीच नसेल. जीई-प्रोटॉन (प्रोटॉनचीच बदललेली आवृत्ती) टाकून बघा, त्यात कोडेक असतात.

खटपट्या

पैसे परत घ्या.

आजोबा_३८६

की घ्या आणि गेम खेळा. सहा वर्षं थांबलात.

निळीशाई

दोन्हींपैकी काहीही घ्या, पण उत्तरात पट्ट्यांचा स्क्रीनशॉट आणि लॉग जोडा. झिपवाले तुम्ही एकटेच नसाल.

पेंग्विनचा_पाठीराखा

जीई-प्रोटॉनने पट्ट्या गेल्या. गाव जळताना पाहिलं. लॉग जोडून पाठवला आहे, पैशांचं अजून ठरत नाही. दुसऱ्या व्हिडिओत आवाज ओठांच्या मागे अर्धा सेकंद येतोय, यावर कुणाकडे काही उपाय?

कोडगा

आवाजाचा सर्व्हर कुठला आहे? पाइपवायर असेल तर लेटन्सी (आवाजाला लागणारा उशीर) थोडी कमी करून बघा. नाहीतर व्यनि (खाजगी निरोप) करा, आज रात्री मोकळा आहे.